तव्यावर परतलेले

जानेवारीत काला अंबला जायचे असेल तर उपाशीपोटी जाऊ नये. पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवरचे हे ठिकाण सरकारी नकाशात राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, पण हिवाळ्यातल्या सकाळी तिथे राजधानीची काही खूण दिसत नाही. धुके, मोहरीची शेते, लोखंडी कुंपण आणि त्यात विटांचा एक स्तंभ. इथे एक आंब्याचे झाड होते, मराठे आणि अफगाण यांच्या १७६१ च्या लढाईतल्या रक्ताने जमीन भिजली आणि झाड काळवंडले, अशी कथा आहे. झाड केव्हाच गेले, नाव राहिले. १४ जानेवारीला इथे शौर्यदिन असतो. त्या दिवशी महाराष्ट्रातून आलेल्या गाड्यांची रांग लागते आणि हरियाणातले रोड समाजाचे लोक ‘आम्ही पण मराठेच’ म्हणत पुढे येतात. आम्ही दोन दिवस आधी गेलो होतो, त्यामुळे रांग नव्हती. मी, माझी आत्या आणि बारावीतला भाचा, एवढेच.

तासाभरात बोटे बधिर झाली. गाडी पुन्हा महामार्गाला लागली. हा तोच जुना ग्रँड ट्रंक रोड, आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४. दिल्लीच्या दिशेने गेले की मुरथलचे पराठे, पांढऱ्या लोण्याचा गोळा, वाफाळता चहा. माझा बेत तोच होता. भाच्याने मात्र मधल्याच एका चकाचक हॉटेलची पाटी पाहिली : ‘मंगोलियन ग्रिल, आपला बाऊल आपणच भरा’.

“मामा, इथेच थांबू या ना.”

आत्याचा प्रश्न वेगळाच होता. “आम्हां शाकाहारी माणसांना तवा वेगळा आहे का, ते आधी विचार.”

तवा वेगळा होता. काउंटरवरच्या मुलाने “माताजी, आपका अलग है” असे दोनदा सांगून तो दाखवलाही, तेव्हा आत्या आत आली.

ज्यांनी ही पद्धत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका लांब मेजावर चिरलेल्या भाज्या मांडलेल्या असतात : कोबी, गाजर, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग, मशरूम, बेबी कॉर्न, पालक, पनीर आणि टोफू. पलीकडे कोंबडी, मटण, कोळंबी. मग नूडल्स किंवा भात. शेवटी दहा-बारा सॉस आणि त्यांच्या पळ्या. आपण वाडगा घ्यायचा, हवे ते भरायचे आणि तव्यापाशी न्यायचे. तिथला माणूस तो वाडगा तापलेल्या लोखंडावर पालथा घालतो, दोन लांब काठ्यांनी ढीग उलटसुलट करतो आणि दोन-तीन मिनिटांत त्याच नाही तर दुसऱ्या वाडग्यात भरून परत देतो. मराठीत या कृतीला नेमका शब्द आहे : परतणे. तळणे नाही, भाजणे नाही, शिजवणे तर नाहीच.

माझा पहिला वाडगा बिघडला. बिघडला तो माझ्याच हाताने, म्हणून त्याचे कारण नीट समजून घेतले.

मी कोबी आणि मशरूम भरपूर घेतले होते, वर पालक आणि त्यावर तीन पळ्या गोड सॉस. कोबीत सुमारे ९२ टक्के पाणी असते, मशरूममध्येही जवळपास तेवढेच, पालक त्यांच्या बरोबरीचा. म्हणजे तव्यावर मी भाजी टाकली असे मला वाटले, तरी प्रत्यक्षात टाकले ते भाजीच्या आकारातले पाणी. पाण्याची एक गोष्ट स्वयंपाक करणाऱ्याने विसरू नये. एक ग्रॅम पाणी वीस अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला ८० कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४० लागतात, जवळपास सातपट. जोवर तव्यावर पाणी आहे तोवर सारी आच त्या वाफेवर खर्च होते आणि पदार्थाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून पडते. खमंगपणा, तो तपकिरी रंग आणि भाजलेला वास, यायला १४० अंशांच्या वर जावे लागते. प्रथिने आणि साखरा यांच्या त्या अभिक्रियेला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याचे नाव आहे. आपल्या घरात ती ‘खरपूस झालं’ या दोन शब्दांत ओळखली जाते.

तवा कितीही तापलेला असो, त्यावर एकदम ओला ढीग पडला की तो निवतो. मग परतण्याऐवजी उकडणे सुरू होते. माझ्या वाडग्यात शेवटी रस्सा साचला होता. शिवाय सॉसमधली साखर आधीच तव्याला लागून करपली होती, म्हणजे एकाच वाडग्यात काही कच्चे, काही उकडलेले आणि काही जळलेले. आत्याने मात्र घरच्या सवयीने मोजकेच घेतले होते : गाजर, ढोबळी मिरची, पनीर, थोडा भात. सॉस तिने वाटीत वेगळा घेतला आणि “शेवटी घाला” असे सांगितले. तिचा वाडगा उत्तम झाला. तिला लोखंडाची भौतिकी कुणी शिकवली नव्हती. चाळीस वर्षे बिडाच्या तव्यावर भाजी केली की ती हातात येते.

भरण्याचीही रीत आहे. गोठवलेले मांस पातळ कापलेले असते, कारण दोन-तीन मिनिटांत ते आतपर्यंत शिजायचे असते. ते तळाशी दाबून बसवायचे, मग कडक भाज्या, वर पालेभाजी, आणि नूडल्सने सगळे दाबून धरायचे. पैसे वाडग्यामागे असतील तर भाचा हे शास्त्र माझ्याआधी शिकतो. त्याने गाजराच्या चकत्यांची भिंत करून वाडग्याच्या वर आणखी अर्धा वाडगा उभा केला. तव्यावर तो सगळा डोंगर निम्मा झाला.

वाडग्याच्या शेजारी एक छापील कार्ड होते. त्यावर घोड्यावरचा योद्धा, हातात ढाल. चंगीझ खानाचे सैनिक दिवसभर लढून आले की ढाली आगीवर पालथ्या ठेवत, तलवारीने मांस कापून त्यावर भाजत, असे कार्ड सांगत होते. जगभरच्या अशा ग्रिलमध्ये हीच कथा थोड्याफार फरकाने सापडते. कथा छान आहे. तिच्या बाजूने पुरावा मात्र नाही, आणि थोडा विचार केला तर ती टिकतही नाही. मंगोलांच्या ढाली बहुतेक चामड्याच्या, वेताच्या किंवा लाकडाच्या. त्या आगीवर ठेवणारा सैनिक दुसऱ्या दिवशी ढालीशिवाय लढायला गेला असता.

मंगोलियातले खरे जेवण या मेजाच्या जवळपासही जात नाही. तिथे अन्नाचे जुने वर्ग दोन : पांढरे आणि तांबडे. पांढरे म्हणजे दूध आणि दुधाचे सगळे, त्यात घोडीचे आंबवलेले दूधही आले. तांबडे म्हणजे मांस, आणि ते बहुतेक उकडलेले, मिठापलीकडे मसाला नसलेले. हिवाळ्यात मांसाच्या पट्ट्या वाळवून ठेवतात, त्यांना ‘बोर्त्स’ म्हणतात. प्रवासात त्याचा चुरा गरम पाण्यात टाकला की जेवण झाले. गवताळ मैदानात लाकूड कमी, म्हणून वाळलेल्या शेणाच्या आगीवर स्वयंपाक. समारंभाला तापवलेले दगड आणि बकऱ्याचे मांस भांड्यात एकत्र बंद करतात, दगडांच्या उष्णतेने ते शिजते. भाज्या तर अलीकडच्या. मोड आलेले मूग आणि बेबी कॉर्न पाहून चंगीझ खानाने काय केले असते, याचा विचार आत्याला फार आवडला.

मग हे आले कुठून? उत्तर तैपेईत आहे. १९५१ साली तैवानच्या या राजधानीत नदीकाठी वू चाओनान नावाच्या माणसाने एक दुकान थाटले. मूळचा बीजिंगचा. धंदा विनोदी संवाद सादर करण्याचा, चिनी रंगमंचावर दोघे कलाकार उभे राहून शब्दांची चकमक करतात त्या कलेचा. चीनमधले यादवी युद्ध १९४९ मध्ये संपले, पराभूत सरकार आणि त्याच्यामागून लाखो माणसे समुद्र ओलांडून तैवानात आली. वू त्यांच्यापैकी एक. त्यांना परत जाता येत नव्हते. विनोदावर पोट भरत नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या गावच्या आठवणीतले काही विकायला काढले.

बीजिंगमध्ये भाजलेल्या मटणाची जुनी परंपरा होती, मुख्यतः मुसलमानांच्या उपाहारगृहांत. निखाऱ्यांवर लोखंडी पट्ट्यांची मोठी जाळी, आणि गिऱ्हाईक एक पाय बाकावर टाकून उभे राहणार, लांब काड्यांनी पातळ कापलेले मटण स्वतः भाजणार, पाठीला हिवाळा आणि तोंडाला आग. वू यांनी त्यात बदल केला. जाळीच्या जागी सपाट लोखंड, भाजणारा गिऱ्हाईकाऐवजी आचारी, सोबत भाज्यांचे ताट आणि सॉसची निवड. म्हणजे आपल्यासमोरच्या या काउंटरचा आराखडा.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा ‘बीजिंग’ म्हणणे अवघड होते. ते आता शत्रूच्या राजधानीचे नाव होते. तैवानातल्या त्या वर्षांत अशा नावाचा अर्थ काय लावला जाईल, ही भीती पुरेशी होती. मग वू यांनी लांबचे, कुणाला न दुखावणारे नाव निवडले : मंगोलिया. एका निर्वासिताने आपल्या गावाचे नाव लपवण्यासाठी दुसऱ्याच देशाचे नाव उसने घेतले, आणि जगाने तेच खरे मानले. पुढे हा प्रकार अमेरिकेत गेला, तिथे त्याच्या मोठाल्या साखळ्या झाल्या. त्यांतल्या एका साखळीने २००५ मध्ये खुद्द उलानबातरमध्ये शाखा काढली. तिथल्या लोकांना आपल्या नावाचा हा पदार्थ अमेरिकेने शिकवला. जपानच्या होक्काइदो बेटावरही घुमटासारख्या लोखंडावर मटण भाजतात आणि त्याला सरळ ‘चंगीझ खान’ म्हणतात, तिथली दंतकथा ढालीऐवजी शिरस्त्राणाची. मटण आणि लोखंड एकत्र दिसले की लोकांना मंगोल आठवतो.

हे सगळे आपण पानिपतच्या शिवारात बसून बोलतो आहोत, हे माझ्या डोक्यातून जात नव्हते, कारण या जागेचा त्या नावाशी खरोखरच जुना संबंध आहे. २१ एप्रिल १५२६ रोजी इथल्याच मैदानात बाबराने इब्राहीम लोदीला हरवले. लोदीची कबर शहरात आहे, बाबराने बांधलेली काबुली बाग मशीदही आहे. त्याच्या वंशाला आपण मोगल म्हणतो, आणि मोगल हा शब्द फारसीतल्या ‘मुघल’चा, म्हणजे ‘मंगोल’चाच. बाबराला स्वतःला हे फारसे रुचले नसते. तो बापाकडून तैमूरच्या घराण्यातला तुर्क, भाषा चगताई तुर्की. आईकडून मात्र चंगीझ खानाच्या वंशातला, पण मंगोल नातेवाइकांबद्दल त्याचे मत चांगले नव्हते. घराणे स्वतःला ‘गुरकानी’ म्हणवी. गुरकान म्हणजे जावई. चंगीझच्या वंशातली मुलगी तैमूरने केली, म्हणून तो त्या घराचा जावई, आणि पुढच्या पिढ्यांनी ते बिरूद मिरवले. अख्ख्या हिंदुस्थानावर राज्य करणारे घराणे सासुरवाडीच्या ओळखीने चालले, हे ऐकून आत्या म्हणाली, “आपल्याकडचे जावई तरी कुठे वेगळे आहेत!”

मराठीने या शब्दाची आणखी वाटणी केली. ‘मोगलाई’ म्हणजे निजामाचा मुलूख. ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ म्हणजे अंधेरनगरी. आणि ‘मोगलाई’ म्हणजे काजूच्या वाटणातली कोंबडी. हॉटेलच्या त्याच कार्डावर ‘मोगलाई’ आणि ‘मंगोलियन’ असे दोन स्वतंत्र रकाने होते. शब्द एकच, येण्याच्या वाटा दोन : एक समरकंद-काबूलवरून घोड्यावर, दुसरी तैपेई-अमेरिकेवरून विमानाने.

बाहेरून आलेल्या खोट्या नावाच्या पदार्थाला नाके मुरडायचा आपल्याला अधिकार नाही. ‘मंचुरियन’ मंचुरियात कुणी खात नाही. ते नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात, कांदा-आले-लसूण-मिरचीला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरची जोड देऊन घडवले. आज कोल्हापूरच्या रंकाळ्यापासून नागपूरच्या चौकापर्यंत प्रत्येक चायनीजच्या गाडीवर ते आहे. आपला बाऊल आपण भरायची कल्पनाही उत्तरेला नवी नाही. हरियाणा-दिल्लीच्या लग्नांत ‘तवा सब्जी’चा काउंटर असतोच. गाडीच्या चाकाएवढा तवा, त्याच्या कडेने तळलेली भेंडी, कारली, अरबी, वांगी, बटाटे यांचे ढीग, मध्ये मसाला. पाहुणा बोट दाखवतो, “ये, ये और थोड़ा ये”, आचारी तेवढेच मध्ये ओढून परतून देतो. आणि मुंबईकरांना तर पावभाजीचा तवा आहेच, फक्त तिथे निवड भाजीची नसून लोण्याची असते. वू चाओनान यांच्या तव्याला इथे भावंडे आधीपासूनच होती.

आपल्या पंगतीत मात्र असे नाही. मराठी ताटाचा भूगोल ठरलेला आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भाताची मूद मध्ये, तुपाशिवाय हात लावायचा नाही. काय खायचे हे वाढणारा ठरवतो, खाणाऱ्याच्या हाती फक्त ‘पुरे’ म्हणणे, आणि तेही कुणी ऐकत नाही. मिसळीत थोडी मोकळीक आहे, तर्री किती आणि कांदा किती एवढी. वाडगा भरण्यात सगळीच मोकळीक, आणि म्हणून सगळी जबाबदारीही. माझ्या रश्शाबद्दल तक्रार करायला समोर कुणी नव्हते.

पोट भरल्यावर भाच्याने विचारले, “मामा, लढाईच्या वेळी आपल्या लोकांनी काय खाल्लं असेल?”

त्याचे उत्तर ढाल आणि तलवारीच्या कार्डाइतके सुबक नाही. ऑक्टोबर १७६० च्या मध्यात मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या फौजेने करनालजवळचे कुंजपुरा जिंकले. तो किल्ला अफगाण बादशहा अब्दालीच्या रसदीचे कोठार होता, तिथे धान्याचे मोठे साठे मिळाले. दसरा आनंदात गेला असणार. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मराठ्यांनी पानिपतला खंदक खणून तळ दिला. मग अडीच महिने दोन्ही सैन्ये एकमेकांच्या पोटावर लढली. अब्दालीला नदीपलीकडच्या दोआबातून आणि रोहिल्यांच्या मुलखातून धान्य येत होते. मराठ्यांकडे येणाऱ्या वाटा एकेक करून बंद झाल्या. पतियाळाचा आला जाट धान्य पाठवी, ती वाटही अडली. दोआबात रसद तोडायला आणि गोळा करायला उतरलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्याआधी बळवंतराव मेहेंदळे एका चकमकीत पडले होते.

तळावर लढणारे जितके, त्याहून कितीतरी जास्त बुणगे : व्यापारी, नोकर, बायका, यात्रेकरू. सगळ्यांना दोन वेळा खायला हवे, आणि घोड्या-बैलांना चारा. धान्य असले तरी लाकूड लागते. लाकूडफाटा आणि गवत आणायला रात्री खंदकाबाहेर गेलेले लोक अफगाण टेहळणीच्या हाती सापडून कापले गेले. चूल पेटवायची म्हणजे कुणाला तरी मरणाच्या दारात पाठवायचे, अशी ती वेळ होती. शेवटी सरदार आणि शिपाई भाऊंच्या तंबूत गेले : दोन दिवस अन्न नाही, उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू. भाऊंनी उरलेसुरले धान्य वाटायला सांगितले, त्या रात्री लोक पोटभर जेवले, आणि १४ जानेवारी १७६१ च्या पहाटे तोंडाला हळद फासून फौज खंदकाबाहेर पडली. ही हकिकत पलीकडच्या छावणीत, अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या चाकरीतल्या काशीराजाने लिहून ठेवली आहे. म्हणजे आपल्या शेवटच्या जेवणाची नोंदही शत्रूच्या गोटात बसलेल्या एका पंडिताकडून आलेली.

संध्याकाळनंतर जे निसटले ते दक्षिणेच्या वाटेला लागले. त्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने आश्रय दिला. जखमींना औषध, उघड्यांना पांघरूण, आणि सगळ्यांना शिधा. युद्धाआधी भाऊंशी त्याचे बिनसले होते आणि तो निघून गेला होता. त्याच्या कोठारातले ते पीठ पोटात पडले तेव्हा कुणाला काय वाटले असेल, ते कुणी लिहिलेले नाही.

भाचा गप्प बसला. त्याच्यासमोरच्या वाडग्यात बेबी कॉर्नचे चार तुकडे आणि थोड्या नूडल्स उरल्या होत्या. हॉटेलात ‘उष्टे टाकल्यास दंड’ अशी पाटी होती, पण त्याने तिच्याकडे पाहिले नाही. काटा घेऊन उरलेले एकेक खाऊन टाकले.

माझी भूक मात्र पहिल्या बिघडलेल्या वाडग्याने अर्धीच भागली होती. मी दुसरा घेतला. या वेळी कोबी एक चिमूट, पालक नाही, गाजर आणि ढोबळी मिरची कोरडी करून, पनीरचे पाच तुकडे, भात. सॉस वाटीत. तव्यापाशी गेलो तर मुलगा आधीच्या गिऱ्हाईकाचा ढीग उतरवून लोखंड खरवडत होता. मी वाडगा पुढे केला. त्याने हात आडवा धरला.

“रुकिए साहब, तवा गरम होने दीजिए.”

आम्ही दोघे तव्याकडे पाहत उभे राहिलो. त्याने बोटांवरचे पाण्याचे चार थेंब उडवले. ते लोखंडावर न पसरता मोत्यांसारखे गोल झाले आणि धावत सुटले. मग त्याने माझा वाडगा पालथा घातला.